कावळ्याचं पान

तुमच्याकडचा पाऊस संपून छत्र्या माळ्यावर गेल्या की आमच्याकडचा सुरू होतो. तमिळ ऐप्पसी महिना, म्हणजे तुमचा आश्विन-कार्तिक. हा पाऊस समुद्राकडून येतो आणि आला की पाय पसरून बसतो. वेलचेरीतली आमची इमारत जिथं उभी आहे तिथं पूर्वी तळं होतं म्हणतात. एरवी त्याचा पत्ता नसतो. ऐप्पसीत तळ्याला ते आठवतं, आणि ते तळमजल्यावर येऊन बसतं.

माझ्या घरात पावसाची वर्दी नाकाला लागते. ओल्या कुत्र्याचा वास. जुनं गोणपाट, आंबलेलं ताक आणि थोडी माती एकत्र केली तर जवळपास जाईल. हॉलमध्ये दोरीवर टॉवेल लटकलेले, वर पंखा गरगरतो आणि टॉवेल काही वाळत नाहीत. सध्या दोन पाहुणे आहेत. चौथ्या मजल्यावरचा लंगडा लॅब्रेडोर खिडकीपाशी पडून सुस्कारे सोडतो. शेजारच्या इमारतीतली पांढरी ठेंगणी कुत्री वीज कडाडली की सिलिंडरच्या मागे जाते आणि तिथून माझ्याकडे असं बघते, जणू वीज मीच पाडली. मालक दिवाळीला गावी. त्यांची कुत्री माझ्याकडे. या भागात मला नावानं कुणी ओळखत नाही. ‘नाय पाट्टी’ म्हणतात, कुत्र्यांची आजी.

तिसरा एक पाहुणा काल यायचा होता. त्याचं पुढे सांगते. आधी त्या दुसऱ्या ऐप्पसीचं सांगायला हवं, पाच वर्षांपूर्वीच्या. मी तेव्हा अवघ्या पासष्टीची पोर होते. आज सत्तरीच्या उंबऱ्यावरून मागं बघते तेव्हा त्या पोरीला एक ठेवून द्यावीशी वाटते.

काय तिचा तोरा! नवरा जाऊन दोन वर्षं झालेली, मुलगा सिंगापुरात, घरात भिंतीवरच्या घड्याळाखेरीज बोलणारं कुणी नाही. तेव्हा तिनं एक दिवस कागद घेतला आणि लिहिलं : ‘कुत्री फिरवून आणू. मालक गावी गेल्यास घरी ठेवून घेऊ. घरचं शाकाहारी जेवण. अनुभव भरपूर.’ तमिळमध्ये लिहिलं, इंग्रजीत लिहिलं, आणि ऐट म्हणून खाली मराठीतही लिहिलं. लिफ्टमध्ये चिकटवलं. अनुभव कसला, विचाराल तर नवी नवरी असताना गल्लीतल्या कुत्र्याचं शेपूट लुगड्याला लागलं म्हणून ही बया एका दुपारी तीनदा न्हाली होती. तिसऱ्यांदा सासूबाई म्हणाल्या, “पुरे गं, कुत्रं कधीच घरी जाऊन जेवलं असेल.” एवढाच तो भरपूर अनुभव.

मुलाचा फोन आला. “अम्मा, हे काय नवीन? लोक काय म्हणतील?”

“म्हणतील, हिचा मुलगा येत नाही, कुत्री तरी येतात.”

तो गप्प झाला. मला तेव्हा वाटलं, काय मस्त टोला हाणला. आता वाटतं, त्या गप्प बसण्याकडं जरा कान द्यायला हवा होता.

ते मराठी अक्षर वाचणारं इमारतीत एकच माणूस निघालं. तिसऱ्या मजल्यावरची तृप्ती, इचलकरंजीची, इथं संगणकाच्या कंपनीत. एका संध्याकाळी दारात उभी. एका हातात पट्टा, पट्ट्याच्या टोकाला एक कान उभा नि एक पडलेला तपकिरी गावठी कुत्रा.

“आजी, लिफ्टमधलं ते मराठीत तुम्हीच लिहिलंय?”

“मग काय वॉचमननं?”

हसली, आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले. आईशी फोनवर बोलायची तेवढीच मराठी. मग म्हणाली, “पण तुमची मराठी कुठली हो? जरा वेगळीच आहे.”

“तंजावरची. तुझ्या इचलकरंजीहून आधीची आहे, जपून बोल.”

कुत्र्याचं नाव खंडू. घरचा देव जेजुरीचा, म्हणून. कॉलेजात असताना वसतिगृहाच्या पायरीवर मिळालेला, आता अकरा वर्षांचा म्हातारा, वजन जेमतेम नऊ किलो. तिनं शहरं बदलली, नोकऱ्या बदलल्या, एक ठरलेलं लग्न मोडलं. प्रत्येक वेळी सामानाबरोबर खंडू. त्याला फक्त मराठी कळायची. आमचा वॉचमन सेल्वम त्याला तमिळमध्ये लाडानं हाका मारून मारून थकायचा आणि खंडू भिंतीकडं बघत बसायचा. मी नुसतं “ये रे गाढवा” म्हटलं की शेपटीचा पंखा सुरू.

तिनं एक यादी दिली, ती मी फ्रिजवर लावली. चॉकलेट नको. कांदा नको. द्राक्षं नकोत. गोड काही नको. दहीभात चालेल. ‘नको’च्या खाली दोन-दोन रेघा. पासष्टीची पोर वाचून खदाखदा हसली. “द्राक्षं! याला कोण द्राक्षं भरवणार आहे? हा काय दवाखान्यात ठेवलेला मंत्री आहे?”

तृप्तीही हसली.

त्या ऐप्पसीत आम्ही दोघं फिरायला जायचो ते उंचावरच्या रेल्वेच्या खालून. वर रूळ, म्हणून खाली एक लांबच लांब कोरडी पट्टी राहते. सगळं वेलचेरी पावसात तिथं गोळा होतं. मोगऱ्याची टोपली घेतलेली बाई, इडलीच्या भांड्यातून निघणारी वाफ, भिजलेल्या शर्टांतल्या माणसांचे घोळके, गचागच भरलेल्या शेअर ऑटोतून बाहेर आलेली कोपरं. वरून गाडी गेली की खंडू थांबायचा, मान वर करायचा, गाडी पूर्ण जाऊ द्यायचा आणि मग खांबापाशी पाय वर करायचा. रोज. माझे हेही असेच होते. एन्नोरच्या शाळेत गणित शिकवायचे, रोज एवढं शहर ओलांडून जायचे-यायचे. कुठंही घाई नाही. मी खंडूला हे सांगायची. मोठ्यानं. बघणाऱ्यांना वाटायचं, म्हातारी फोनवर बोलतेय.

कार्तिकात तृप्ती बहिणीच्या साखरपुड्याला म्हणून पाच दिवस घरी गेली. ती गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी आभाळ फाटलं. आवाजच बदलतो. आधी पाऊस पडल्याचा आवाज असतो, मग पाणी चढल्याचा असतो. सेल्वम जिन्यात ओरडला, “पाट्टी, तण्णी वंदुरुच्चु!” पाणी आलं. आलंच होतं. तळमजल्यावरच्या स्कूटर आरशापर्यंत बुडाल्या, वीज गेली, आणि काळ्या पाण्यावर कुणाची तरी निळी चप्पल दिवसभर एकाच जागी गोल फिरत राहिली.

तिसऱ्या दिवशी यांची तिथी होती.

मुलगा येणार होता, विमानं बंद. वाध्यारांचा, म्हणजे आमच्या भटजींचा फोन आला, “अम्मा, आमच्या दारात कमरेएवढं पाणी आहे. यंदा मनातल्या मनात करा.” मनातल्या मनात! चाळीस वर्षं मी या माणसाला पोटभर वाढलं, ते मनातल्या मनात? सोवळ्याचं लुगडं वाळलं नव्हतं, तसंच दमट नेसले. खंडूला गॅलरीत कोंडलं, श्राद्धाच्या स्वयंपाकात कुत्रं कसं चालेल? तो जाळीला नाक लावून बसला. भात, वरण, वडे, आमसुलाची चटणी, आणि खीर. खिरीत मूठभर बेदाणे. ते लागायचेच. माझे हे बेदाणे वेचून पानाच्या कडेला लावून ठेवायचे आणि जेवण झाल्यावर एकेक खायचे, वर्गात शहाण्या मुलाला बक्षीस देतात तसं स्वतःलाच देत.

तिथीचं पान आधी कावळ्याला. तो शिवला, म्हणजे गेलेल्या माणसाला पोचलं. मग घरचे जेवणार. लहानपणापासून असंच चाललंय. मी पान घेऊन गच्चीवर गेले. कठड्यावर ठेवलं, वर छत्री धरली. समोरच्या पाण्याच्या टाकीवर तीन कावळे बसलेले, चिंब, तिघांचीही पाठ माझ्याकडं. हाका मारल्या. वारा असा की हाक माझ्याच तोंडात परत येत होती. किती वेळ उभी होते कोण जाणे. कावळा येत नाही म्हणजे माणसाचं काहीतरी राहून गेलंय, त्याला शब्द द्यावा लागतो. मी देत गेले. तुमचा चष्मा टाकणार नाही. पोराशी तोडून बोलणार नाही. त्या दिवशी दवाखान्यात तुम्ही पाणी मागितलंत आणि मी डॉक्टरांना विचारून देते म्हणाले, ते चुकलंच.

कावळे हलले नाहीत.

सेल्वम वर आला, पाणी किती चढलंय बघायला. “पाट्टी, या वाऱ्यात कावळा कसा येईल? खाली चला, पडाल.”

पान घेऊन खाली आले. टाकायचं कुठं? खाली गटाराचं पाणी, त्यात ती निळी चप्पल. यांचं पान त्यात टाकू? गॅलरीची कडी नीट लागली नसावी, खंडू दारातच बसला होता. एक कान उभा. त्यानं माझ्याकडं बघितलं, मग पानाकडं, मग परत माझ्याकडं. सावकाश, अजिबात घाई न करता.

श्राद्धात श्वानाचाही वाटा काढतात, हे मी ऐकलं होतं. त्या घटकेला तेवढं पुरलं. मी पान त्याच्यापुढं ठेवलं.

आणि तो जेवला! आधी खीर, मग वडे, मग परत जिथं खीर होती तिथं. मी समोर फरशीवर बसले, ओल्या लुगड्यात, आणि कुत्र्याला अहोजाहो करायला लागले. “सावकाश. वडा गार झालाय, चालेल ना तुम्हाला?” रडत होते बहुतेक. पासष्टीची पोर! पण तिची कितीही टिंगल केली तरी एक कबूल करायला हवं. त्या वेळी मला जे समाधान वाटलं ते खोटं नव्हतं. गोष्ट अवघड होते ती तिथंच. ते खोटं असतं तर मी तिला केव्हाच हसून मोकळी झाले असते.

संध्याकाळी खंडू ओकला. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा दोनदा. मग फरशीला पोट लावून पडून राहिला आणि वाटीतलं पाणी नुसतं बघू लागला. माझ्या फोनमध्ये जेमतेम जीव उरला होता. प्राण्यांच्या डॉक्टरांना लावला. भला माणूस, उचलला.

“काय खाल्लं त्यानं, अम्मा? घरचंच ना?”

“दहीभात,” मी म्हटलं.

का म्हटलं? तृप्तीच्या यादीत गोड नको असं होतं आणि मी गोड दिलं होतं, तेवढी लाज होती. ‘पाट्टी काटेकोर’ असा लौकिक होता, तो होताच. पण खरं सांगायचं तर ते पान मी कुत्र्याला दिलंच नव्हतं. ते यांना दिलं होतं. नवऱ्यानं काय खाल्लं हे परक्या माणसाला फोनवर का सांगायचं? असा काहीतरी तिरपागडा विचार त्या डोक्यात होता. डॉक्टर म्हणाले, वयामुळं पोट बिघडलं असेल, पाणी पाजत राहा, रस्ता मोकळा झाला की आणा.

त्याच्या पुढच्या दिवशी पाणी मांडीपर्यंत उतरलं. सेल्वमनं दुधाच्या पिशव्यांच्या क्रेटमध्ये टॉवेल घातला, त्यात खंडू, आणि क्रेट डोक्यावर. मी मागून त्याचा शर्ट धरून. पाण्याखाली काय काय पायांना लागत होतं ते सांगत नाही. दवाखाना पहिल्या मजल्यावर, जनरेटरवर चाललेला, डिझेल आणि फिनेलच्या वासानं भरलेला. डॉक्टरांनी पोट दाबून बघितलं, रक्त घेतलं. कालपासून लघवी नाही म्हटल्यावर त्यांचा चेहरा पडला. मूत्रपिंडं गेली होती. माझ्या हातात तिथल्याच जनरेटरवर चार्ज केलेला फोन, फोनमध्ये व्हिडिओवर तृप्ती, कोल्हापूरच्या स्टेशनवर अडकलेली, मागं गाड्या रद्द झाल्याच्या घोषणा.

डॉक्टर म्हणाले, “एकदम असं होतं ते कधीकधी द्राक्षांनी होतं. किसमिसनंही. तसलं काही पोटात गेलं होतं का, अम्मा? नीट आठवा.”

आठवायचं काय होतं? ते बेदाणे मला एकेक दिसले. द्राक्षंच ती, वाळवलेली. साठ वर्षं निवडले, धुतले, तुपात फुगवले, आणि यादी वाचताना एकदाही डोक्यात आलं नव्हतं. मी तोंड उघडलं.

फोनमधून तृप्तीच म्हणाली, “नाही डॉक्टर, शक्यच नाही. आजी यादीबाहेरचं काही देत नाहीत.”

डॉक्टर माझ्याकडं बघत होते. ती माझ्याकडं बघत होती.

“नाही,” मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे खंडू गेला. तृप्ती पोचली त्याच्या पुढच्या दिवशी. पुरायला अख्ख्या वेलचेरीत कोरडी जमीन नव्हती. दवाखान्यानंच काय ते केलं आणि तिच्या हातात पट्टा दिला. ती माझ्या गळ्यात पडून म्हणाली, “तुम्ही होतात आजी, म्हणून. त्याच्या शेवटच्या दिवसांत कानावर मराठी तरी होती.”

मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. केवढं कसब! नाटकात असते तर टाळ्या पडल्या असत्या.

मग तिनं इमारतीच्या ग्रुपवर लिहिलं. पुराच्या पाण्यातून सत्तरीच्या आजींनी (पाच वर्षं आपल्या पदरची घालून) माझ्या कुत्र्याला कसं नेलं, वगैरे. लोकांनी हात जोडलेली चित्रं पाठवली. त्या दिवसापासून माझ्याकडं रांग. चार इमारतींतली कुत्री, दोन मांजरं, एकदा तर एक पोपट. आणि मी चांगली सांभाळते, हेही खरं. पाकिटावरचं बारीक अक्षर भिंग लावून वाचते. माझ्या घरात बेदाणा येत नाही. तिथीच्या खिरीतही नाही. मुलगा दरवर्षी विचारतो, “अम्मा, अप्पांना आवडायचे ना?” मी म्हणते, बाजारात चांगले मिळत नाहीत. कावळा आता रोज येतो, गच्चीच्या कठड्यावर पान ठेवायचा अवकाश की शिवतो. त्याचं मला काही वाटेनासं झालंय.

पाच वर्षांत तृप्ती जिन्यात भेटली की थांबायची. दुसरा कुत्रा मात्र आणणार नाही म्हणायची. गेल्या महिन्यात आणलं, चार महिन्यांचं पिल्लू, काळं कुळकुळीत. वडिलांचं ऑपरेशन आहे, आठ दिवस घरी जायचंय, ठेवाल ना आजी, असा निरोप आला. मी ‘हो’ लिहिलं. सवयीनंच लिहिलं. मग दोन दिवस त्या ‘हो’कडं बघत बसले.

काल दुपारी आली. केस भिजलेले, खांद्यावर पिल्लाची पिशवी. पिल्लू आलं ते थेट लॅब्रेडोरच्या पोटावर चढलं. तृप्ती म्हणाली, “यादी-बिदी आणली नाही हं आजी. तुम्हाला काय सांगायचं?”

यादी आणली असती तर कदाचित मी गप्प बसले असते.

“बस जरा,” मी म्हटलं. “खंडूचं सांगायचंय.”

सुरुवात केली ती कावळ्यापासून. वाऱ्यापासून, ओल्या लुगड्यापासून. बोलता बोलता माझ्याच लक्षात आलं, म्हातारी गोष्ट रंगवतेय, स्वतःची बाजू उजेडाकडं वळवून धरतेय. थांबले. म्हटलं, “मी त्याला बेदाण्यांची खीर दिली. डॉक्टरांनी फोनवर विचारलं, मी दहीभात म्हटलं. दवाखान्यात विचारलं तेव्हा मला कळलं होतं. तरी नाही म्हटलं.”

सिलिंडरमागून पांढरी ठेंगणी बाहेर आली आणि परत आत गेली. पिल्लानं माझ्या लुगड्याचा काठ तोंडात धरला होता.

“मीच म्हटलं होतं ना तेव्हा,” तृप्ती म्हणाली. “आजी देत नाहीत म्हणून.”

“हो.”

“तुम्ही बघत होतात माझ्याकडं. फोनमध्ये.”

“हो.”

“सांगितलं असतं तर वाचला असता?”

“माहीत नाही. डॉक्टरांना कधी विचारलं नाही.”

“पाच वर्षांत?”

“उत्तर मिळालं असतं ना.”

ती खिडकीकडं वळली. रडली असती तर मला काय करायचं ते माहीत होतं. शिव्या दिल्या असत्या तर त्याचीही तयारी करून बसले होते. तिनं विचारलं, “आवडली होती का त्याला? खीर?”

“फार. पान चाटून चाटून फाडलं त्यानं.”

तिनं मान हलवली. मग उठली. पिल्लू माझा काठ सोडेना, तो सोडवायला तिला खाली वाकावं लागलं. वाकली तेव्हा तिचा खांदा माझ्या गुडघ्याला टेकला. लगेच काढून घेतला नाही. निदान मला तरी तसं वाटलं. मग तिनं पिल्लू उचललं, पिशवी उचलली आणि गेली.